मुरानोचें गुपित

मराठी घरांतल्या जुन्या शब्दांत ‘बिलोरी’ हा एक मोठा गोड शब्द आहे. बिलोरी आरसा, बिलोरी पेला, बिलोरी झुंबर. कोणत्याही स्वच्छ, पाणीदार कांचेला हें विशेषण लावलें कीं तिची प्रतिष्ठा एकदम वाढते. या शब्दाचा प्रवास मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येतो. आपल्या वैडूर्य रत्नाचें प्राकृत नांव व्यापाऱ्यांच्या गांठोड्यांबरोबर ग्रीक लोकांपर्यंत पोंचलें. त्यांनीं त्याचें ‘बेरिलोस’ केलें. तेंच पुढें अरबी-फारसींत ‘बिल्लूर’ झालें, आणि अखेर बिलोरी हें रूप घेऊन पुनः आपल्या दाराशीं आलें, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. जर्मन भाषेंत चष्म्याला ‘ब्रिले’ म्हणतात, तो शब्दही याच मुळाचा. एक शब्द दोन खंड फिरून आला आणि त्याला कोणीं अडविलें नाहीं, कारण शब्दावर जकात बसत नाहीं. परंतु ज्या कांचेला हा शब्द शोभतो, ती घडविण्याची विद्या मात्र एका राज्यानें कित्येक शतकें एका लहानशा बेटांत कोंडून ठेवण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न कितपत साधला आणि त्या विद्येचें शेवटीं काय झालें, हीच युरोपांतील शोभेच्या कांचेची कथा आहे. विद्या राखावी कशी, झांकून कीं वांटून, या जुन्या प्रश्नाचें उत्तरही त्याच कथेंत सांपडतें.

कांच ही वस्तु मुळांत युरोपची नव्हे. मिसर आणि मेसोपोटेमिया या देशांना ती हजारों वर्षें माहीत होती. लोखंडी नळीच्या टोंकाला वितळलेल्या कांचेचा गोळा घेऊन तो फुंकरीनें फुगविण्याची युक्ति ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याकडे निघाली, आणि रोमन साम्राज्यानें ती युरोपभर पसरविली. साम्राज्य मोडल्यावर उत्तरेकडील अरण्यांत लाकडाच्या राखेपासून हिरवट रंगाची जाडीभरडी कांच होत राहिली. मोठमोठ्या देवळांच्या खिडक्यांतील रंगीत चित्रें त्या उत्तरेकडील कांचेचेंच वैभव होय. परंतु हातांत धरावें, ओठांना लावावें आणि डोळ्यांनीं कौतुक करावें, असें नाजूक पात्र घडविण्याची कला जोपासली गेली ती पूर्वेच्या व्यापारावर पोसलेल्या व्हेनिस शहरांत. त्या शहराच्या गलबतांतून मिरीं-मसाल्याबरोबर सीरियाची मिनाकारी केलेलीं कांचपात्रें येत, आणि पात्रांबरोबर तीं घडविण्यास लागणारा खारही येई.

१२७१ सालीं व्हेनिसच्या कांच-कारागिरांच्या श्रेणीचे नियम लेखनिविष्ट झाले. त्यानंतर वीस वर्षांनीं, १२९१ सालीं, महासभेनें हुकूम काढला कीं शहरांतील कांचेच्या भट्ट्या मोडून टाकाव्या; ज्यांना धंदा करावयाचा असेल त्यांनीं मुरानो बेटावर जावें. कारण सांगितलें तें साधें होतें. घरांच्या बांधणींत लाकूड पुष्कळ, आणि रात्रंदिवस धगधगणाऱ्या भट्ट्या शेजारीं. एक ठिणगी उडाली तर शहराची राख व्हायची. परंतु या हुकुमाचा दुसरा परिणाम पहिल्याहून दूरगामी ठरला. व्हेनिसच्या उत्तरेस मैलभर अंतरावर, चोहोंकडून पाण्यानें वेढलेल्या त्या बेटांत सर्व कारागीर एके ठिकाणीं आले. बाप मुलाला शिकवूं लागला, भट्टीला भट्टी लागून असल्यामुळें चढाओढ वाढली, आणि कोण येतो, कोण जातो यावर राज्यकर्त्यांना सहज नजर ठेवतां येऊं लागली. आगीच्या भीतीनें कारागिरांचें गांव वसलें, आणि पुढें तेंच गांव गुपिताची पेटी बनलें.

त्या पेटींतलें पहिलें मोठें रत्न पंधराव्या शतकाच्या मध्यास निघालें. आंजेलो बारोव्हिएर हा मुरानोंतील एका जुन्या कांच-घराण्याचा पुरुष. तो १४६० सालीं वारला. १४५५ च्या सुमारास जी स्वच्छ, निर्वर्ण कांच मुरानोंत होऊं लागली, तिचें श्रेय त्याला दिलें जातें. डोंगरांत सांपडणाऱ्या स्फटिकासारखी ती दिसे, म्हणून तिला ‘क्रिस्ताल्लो’ हें नांव मिळालें. यांतील मर्म कोणत्या मंत्रांत नव्हतें. तें स्वच्छतेच्या हव्यासांत होतें. कांचेला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: गार, खार आणि चुना. साध्या वाळूंत लोखंडाचा अंश असतो आणि त्यामुळें कांचेला हिरवी झांक येते. म्हणून मुरानोच्या कारागिरांनीं वाळू सोडून तिचिनो नदीच्या पात्रांतील पांढऱ्या गारगोट्या वेंचून आणल्या व त्यांचें बारीक पीठ केलें. खार म्हणजे आपल्याकडील सज्जीखाराच्या जातीचा; समुद्रकांठच्या झुडुपांची ती राख सीरिया व मिसर देशांतून येई. ही राख तशीच न वापरतां पाण्यांत उकळावयाची, गाळावयाची, आटवावयाची, आणि मग जें शुभ्र मीठ उरेल तेवढेंच घ्यावयाचें. इतकें करूनही जी किंचित् झांक राही, ती मँगेनीज नांवाचें खनिज अगदीं थोडें टाकून मारीत. त्याचा जांभळा रंग हिरव्याला खाऊन टाकतो आणि डोळ्याला दोन्ही दिसेनासे होतात. मँगेनीज जरा जास्त पडलें कीं कांच जांभळी होते. तें किती टाकावें याचें माप त्या काळीं तराजूंत नव्हतें, कारागिराच्या डोळ्यांत होतें.

एकदां निर्मळ कांच हातीं आल्यावर सजावटीला सीमा राहिली नाहीं. निळ्या, हिरव्या व पारदर्शक पात्रांवर सोन्याचा वर्ख चढवून त्यावर मिन्याच्या रंगांनीं मिरवणुकी, प्रेमिकांच्या जोड्या, कुलचिन्हें काढण्यांत येऊं लागलीं. मुरानोच्या संग्रहालयांत बारोव्हिएर घराण्याच्या नांवानें ओळखला जाणारा एक गर्द निळा विवाह-चषक आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील या चषकावर वर आणि वधू यांचीं मुखचित्रें आहेत. आंजेलोची कन्या मारिया हीही या विद्येंत वाकबगार होती. १४८७ सालीं तिला स्वतःची लहान भट्टी चालविण्याची परवानगी मिळाली. ‘रोझेत्ता’ नांवाचा जो मणि पुढें जगभर गेला, ज्याच्या पोटांत निळ्या, पांढऱ्या व तांबड्या थरांची चांदणी दिसते, तो तिचाच शोध असें मानतात. ज्या काळीं बहुतेक श्रेणींचे दरवाजे स्त्रियांना बंद असत, त्या काळांतील ही नोंद लहान असली तरी लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

चीनची चिनीमातीचीं भांडीं युरोपांत आलीं तेव्हां तीं कशाचीं करतात हें तेथें कोणालाच ठाऊक नव्हतें. मुरानोनें कथलाचें भस्म मिसळून दुधासारखी पांढरी कांच काढली आणि तिच्यावर रंगकाम करून चिनीमातीची बरोबरी करण्याचा प्रयत्न केला. अकीक दगडांतील तपकिरी, हिरव्या व निळ्या लहरी कांचेंत उतरविल्या. तापलेलें पात्र क्षणभर थंड पाण्यांत बुडवून त्यावर बर्फासारख्या भेगा पाडल्या आणि पुनः आंचेवर धरून त्या मुरविल्या. या सर्वांत श्रेष्ठ कामगिरी मात्र कांचेच्या दोऱ्यांची. १५२७ सालीं फिलिप्पो आणि बेर्नार्दो कातानी या दोघां बंधूंनीं पिळाच्या दोऱ्यांच्या कांचेबद्दल राज्याकडे एकाधिकार मागितला. ही रीत ऐकतांना सोपी वाटते. पांढऱ्या कांचेचा एक लहान गोळा पारदर्शक कांचेंत गुंडाळावयाचा. तो ऊन असतांनाच दोन माणसांनीं दोन टोंकें धरून परस्परांपासून दूर चालत जावयाचें. मधला गोळा लांबत लांबत बोरूएवढी काडी बनतो, आणि तिच्या गाभ्यांतला पांढरा दोरा तितकाच लांबतो. अशा कित्येक दोरे असलेल्या काडीला ओढतांना पीळ दिला कीं आंत गोफ विणला जातो. मग या काड्यांचे सारखे तुकडे शेजारीं शेजारीं मांडून तापवावयाचे, ते एकजीव होतांच नळीच्या टोंकावर गुंडाळून घ्यावयाचे, खालचें तोंड चिमट्यानें मिटावयाचें, आणि फुंकावयाचें. पात्र फुगतें तसे दोरेही फुगतात, परंतु एकही तुटत नाहीं. त्यांतही अवघड प्रकार जाळीचा. एका फुग्यांत दोरे उजवीकडे वळविलेले, दुसऱ्यांत डावीकडे. एक दुसऱ्याच्या आंत फुंकावयाचा. दोरे एकमेकांना छेदून जाळें पडतें आणि त्याच्या प्रत्येक घरांत हवेचा एक बारीक बुडबुडा अडकून राहतो. विणकराला चुकलेला धागा उसवतां येतो. येथें चूक झाली कीं सारें पात्र पुनः भट्टींत.

मुरानोच्या कांचेचा एक स्वभाव येथें समजून घेणें अवश्य आहे, कारण पुढची सारी कथा त्यावर फिरते. सज्जीच्या खाराची ही कांच थंड होतांना पुष्कळ वेळ मऊ राहते. त्यामुळें कारागिराला चिमट्यानें पाकळ्या ओढावयास, पंख काढावयास, देठाला सर्पाचा विळखा द्यावयास सवड मिळते. म्हणून मुरानोचें सौंदर्य आंचेवर, क्षणांत, श्वासाबरोबर जन्मास येतें. परंतु हीच कांच पातळ आणि ठिसूळ. तिच्यांत खोल कोरीव काम होत नाहीं. १५४९ सालीं विन्चेंझो दाल गाल्लो यानें हिऱ्याच्या टोंकानें कांचेवर रेखाचित्रें ओरखडण्याचा एकाधिकार मिळविला, तरी तें काम पृष्ठभागावरच्या केसाएवढ्या रेषांचेंच होतें. खोलीचें काम दुसऱ्या जातीच्या कांचेची वाट पाहत होतें.

एवढी विद्या हातीं असल्यावर राज्याला तिची चिंता वाटणें स्वाभाविक होतें. तेराव्या शतकाच्या अखेरीपासूनच कारागिरांनीं परदेशीं जाऊं नये म्हणून निर्बंध निघूं लागले, आणि पुढें ते अधिकाधिक कडक होत गेले. पळून गेलेल्याला परत येण्याचा हुकूम जाई. न आल्यास मागें राहिलेल्या नातलगांना तुरुंगांत घालण्याची धमकी दिली जाई. एका हातांत असा दंड, तर दुसऱ्या हातांत मान. सरदार कुलांतील पुरुषानें कांच-कारागिराची कन्या वरिली तर त्यांच्या मुलांचें सरदारपण बुडत नसे. सतराव्या शतकाच्या आरंभीं मुरानोच्या जुन्या घराण्यांच्या नांवांचें एक स्वतंत्र ‘सुवर्णपुस्तक’ तयार झालें. परंतु मानानें पोट भरत नाहीं. वर्षांतले कांहीं महिने नियमानें भट्ट्या बंद राहत. त्या काळांत रिकाम्या बसलेल्या कुशल हातांना दूरच्या राजांचें सोनें खुणावी. पिंजरा सोन्याचा असला तरी त्याचें दार मोजतां येतें, आणि मुरानोच्या कित्येक कारागिरांनीं तें मोजलें.

याच वेळीं इटलींतच, जिनोव्हाच्या बाजूच्या डोंगरांत, आल्तारे नांवाचें दुसरें कांचगांव नेमकें उलट वागत होतें. तेथील श्रेणीच्या १४९५ सालच्या नियमांनीं कारागिरांना बाहेर जाण्याची मोकळीक होती. इतकेंच नव्हे, तर कोणत्या देशीं कोणी जावें हें श्रेणीचे पंचच ठरवीत आणि त्याबद्दल परकी भट्टीवाल्याकडून द्रव्य घेत. एका गांवानें विद्या कोंडून तिची किंमत वाढविली, दुसऱ्यानें ती भाड्यानें देऊन उपजीविका साधली. दोहोंचा परिणाम मात्र एकच झाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आंट्वर्प, इन्सब्रुक, लंडन अशा ठिकाणीं ‘व्हेनिसच्या धर्तीची’ कांच होऊं लागली. याकोपो व्हेर्झेलिनी हा व्हेनिसचा गृहस्थ आंट्वर्पहून लंडनला आला, आणि १५७५ सालीं एलिझाबेथ राणीनें त्याला एकवीस वर्षांचा मक्ता दिला. त्या काळचें एखादें नाजूक पात्र व्हेनिसचें कीं आंट्वर्पचें, हें सांगतांना आजचे तज्ज्ञही पुष्कळदां कचरतात. गुपित बाहेर पडलें होतें याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

तरीही तोंवर तें हातांतून हातांत जात होतें. १६१२ सालीं फ्लॉरेन्स येथें अंतोनियो नेरी नांवाच्या एका धर्मगुरूनें ‘कांचविद्या’ या विषयावर इटालियन भाषेंत पुस्तक छापलें. खार कसा शुद्ध करावा, स्फटिकासारखी कांच कशी साधावी, अकीकाच्या लहरी व माणकाचा तांबडेपणा कसा आणावा, याच्या कृति त्यांत क्रमानें दिल्या होत्या. पन्नास वर्षांनीं, १६६२ सालीं, ख्रिस्तोफर मेरेट यानें त्याचें इंग्रजी भाषांतर आपल्या टीपांसह प्रसिद्ध केलें. १६७९ सालीं योहान कुंकेल यानें जर्मन भाषेंत आणलें, आणि प्रत्येक कृति स्वतः करून पाहून तिच्यावर आपला अभिप्राय लिहिला. जें बापानें मुलाच्या कानांत सांगावयाचें, तें आतां पुस्तकांच्या दुकानांत मिळूं लागलें. मात्र पुस्तक वाचून कोणीही कारागीर झाला नाहीं. द्रव्याचें माप पुस्तकांत सांपडतें. नळी किती फिरवावी, फुंकर केव्हां आवरावी, हें मनगटालाच शिकावें लागतें. म्हणून पुस्तकें निघालीं तरी माणसें पळविण्याचें काम थांबलें नाहीं.

त्याचें सर्वांत नाट्यमय उदाहरण फ्रान्समध्यें घडलें. मुरानोच्या आरशांवर त्या देशाचें अपार द्रव्य खर्च होई. कांचेचा फुगा फुंकून तो लांबट करावयाचा, कापून सपाट पसरावयाचा, घांसून गुळगुळीत करावयाचा, आणि पाठीस कथील व पारा यांचा लेप द्यावयाचा. या आरशांना उभ्या युरोपांत तोड नव्हती. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें १६६५ सालीं राजाश्रयाखालीं आरशांचा कारखाना स्थापिला आणि व्हेनिसमधील फ्रेंच वकिलामार्फत मुरानोचे कारागीर गुप्तपणें पॅरिसला आणविले. व्हेनिसनें आधीं धमक्या दिल्या, नंतर क्षमेचें आमिष दाखविलें. १६६७ सालीं त्यांपैकीं दोघे कारागीर थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें मरण पावले. विषप्रयोगाची कुजबुज उठली, परंतु तो कधीं सिद्ध झाला नाहीं. उरलेल्यांपैकीं बहुतेक घाबरून मायदेशीं परतले. परंतु फ्रेंचांच्या हातांना तोंवर वळण लागलें होतें. व्हर्सायच्या राजवाड्यांतील आरसेमहाल १६८४ सालीं पुरा झाला. त्याच्या सतरा कमानींत बसविलेले ३५७ आरसे फ्रान्समध्येंच घडले होते. पुढें फ्रान्सनें फुंकण्याची रीत सोडून कांचेचा रस धातूच्या मेजावर ओतून मोठे तक्ते करण्याची रीत काढली. या शोधांत ज्याचें नांव अग्रभागीं येतें तो ऑर्लियांचा बेर्नार पेरो जन्मानें आल्तारेचा होता. ज्या गांवानें विद्या वांटली, त्याच्या मुलानेंच ज्या गांवानें ती लपविली त्याला मागें टाकावें, ही इतिहासाची थट्टाच म्हणावयाची.

इंग्लंडची कथा वेगळी. जहाजांसाठीं लाकूड राखावें म्हणून १६१५ सालीं तेथें कांचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी झाली, आणि कारागिरांना दगडी कोळशाकडे वळावें लागलें. व्हेनिसशीं व्यापार केलेला जॉर्ज रेव्हन्स्क्रॉफ्ट यानें लंडनमध्यें नव्या कांचेचे प्रयोग मांडले, आणि १६७४ सालीं सात वर्षांची सनद मिळविली. पहिलीं पात्रें कांहीं महिन्यांत आंतल्या आंत तडकून धुरकट होऊं लागलीं. तेव्हां त्यानें मिश्रणांत शिशाचें भस्म वाढविलें, आणि १६७६ च्या सुमारास दोष हटला. ही कांच वजनदार होती, बोटाच्या टिचकीनें घंटेसारखी वाजे, आणि प्रकाशाला मुरानोच्या कांचेहून अधिक वांकवी. तिचे पैलू पाडले कीं मेणबत्तीची एक ज्योत शंभर ठिकाणीं फुटे. अठराव्या शतकांतील इंग्रजी पैलूदार पेले आणि झुंबरें यांतूनच निघालीं. अनुकरण करावयास निघालेला माणूस अडचणींतून वाट काढतां काढतां नवीनच वस्तूपाशीं येऊन पोंचला.

तेंच बोहेमियांत झालें. प्राग येथें दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाच्या दरबारीं कास्पर लेमान हा रत्नें कोरणारा कारागीर होता. स्फटिक कोरण्याचें तांब्याचें लहान चाक आणि कुरुंदाची पूड त्यानें कांचेवर चालवून पाहिली, आणि १६०९ सालीं बादशहाकडून या कामाचा एकाधिकार मिळविला. १६२२ सालीं तो वारल्यावर त्याचा शिष्य गेओर्ग श्वानहार्ट यानें ही कला न्युरेंबर्गला नेली. अडचण एकच होती: कांच पातळ. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत बोहेमियाच्या अरण्यांतील भट्ट्यांनीं ती दूर केली. तेथें समुद्राचा सज्जीखार नव्हता. होता तो जळाऊ लाकडाच्या राखेचा जवखार. तो शुद्ध करून त्यांत चुना मिसळला तेव्हां जाड, कठीण, निर्मळ कांच मिळाली. ती लवकर गोठे, म्हणून तिचे पंख-पाकळ्या ओढतां येत नसत. परंतु चाकाखालीं तिच्यांत अर्धा बोट खोल वेलपत्ती, शिकारीचे देखावे, मुखचित्रें उतरत. मुरानोची कला श्वासाची होती, बोहेमियाची चाकाची. याच सुमारास कुंकेलनें पॉट्सडॅमजवळच्या मयूरबेटावर सोन्याच्या अंशापासून माणकासारखी तांबडी कांच केली. अशा कांचेंतील सोनें इतकें सूक्ष्म असतें कीं पात्र प्रथम फिकेंच दिसतें, आणि पुनः ऊब दिली कीं डोळ्यांदेखत लाल होतें.

अठराव्या शतकांत पारडें पुरतें फिरलें. १७३७ सालीं ज्युसेप्पे ब्रियाती या मुरानोच्या कारागिरानें बोहेमियाच्या पद्धतीची कांच करण्याची परवानगी आपल्याच राज्याकडे मागितली आणि ती त्याला मिळाली. तो वेषांतर करून बोहेमियाच्या भट्टींत हमालाचें काम करीत ती विद्या शिकून आला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ज्या बेटाचीं गुपितें चोरण्यासाठीं राजे हेर पाठवीत, तेथलाच मनुष्य आतां दुसऱ्याच्या दाराशीं शिकावयास गेला, असें लोकांना शक्य वाटलें, यांतच काळाचा बदल दिसतो. फुलापानांनीं लवलेलीं ब्रियातीचीं रंगीत झुंबरें हीच त्या जुन्या वैभवाची शेवटची ज्योत. १७९७ सालीं व्हेनिसचें प्रजासत्ताक नेपोलियनपुढें कोसळलें, आणि १८०६ सालीं श्रेण्या मोडल्या गेल्या. भट्ट्या एकामागून एक विझल्या. मण्यांचा व्यापार तेवढा तगून राहिला. आणि मग जें झालें तें कोणत्याही चोरीहून वाईट होतें. दोऱ्यांची कांच, अकीकाच्या लहरी, मिन्याचे सूक्ष्म रंग या कृति मुरानोच विसरत चाललें. ज्या घराण्यांनीं त्या राखल्या होत्या, त्यांतील म्हातारे कोणाला न सांगतां गेले. कुलुपें शाबूत होतीं, परंतु पेटी रिकामी होती.

तिला पुनः भरण्याचें काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झालें, आणि तें अगदीं उलट मार्गानें झालें. १८६१ सालीं मुरानोचा नगराध्यक्ष आंतोनियो कोल्लेओनी आणि विन्चेंझो झानेत्ती नांवाचा धर्मगुरु यांनीं बेटांतील जुनीं पात्रें व कागदपत्रें गोळा करून एक संग्रहालय उघडलें. लौकरच त्याला जोडून कारागिरांसाठीं चित्रकलेची शाळा निघाली. पणज्यांनीं घडविलेलीं पात्रें पणतू उजेडाकडे धरून पाहूं लागले: हा पीळ कसा दिला असेल, हा बुडबुडा कोठून आला? आंतोनियो साल्व्हियाती हा मूळचा वकील. १८५९ सालीं त्यानें कांचखड्यांच्या चित्रांचा कारखाना काढला, आणि १८६६ सालीं इंग्रजी भांडवलाच्या आधारानें कांचपात्रांचा धंदा उभारला. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत विन्चेंझो मोरेत्ती यानें रोमन काळानंतर नष्टप्राय झालेली रंगीत तुकड्यांची कांच नव्यानें सिद्ध करून मांडली. जी विद्या कुलुपानें वांचली नाहीं, ती उघड्या कपाटानें परत आणली. मुरानोच्या भट्ट्या त्यानंतरही अनेक संकटांतून गेल्या. २०२२ सालीं इंधनवायूचे भाव भडकले तेव्हां कित्येक भट्ट्या कांहीं काळ थंड ठेवाव्या लागल्या. तरी त्या बेटावर अजून नळी फिरते आणि कांच फुगते.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. बोहेमियाच्या ज्या प्रदेशानें मुरानोला मागें टाकलें, तेथील याब्लोनेत्स गांवच्या परिसरांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं कांचेच्या बांगड्या गलबतें भरभरून हिंदुस्थानांत येत. सौभाग्याचें लेणें परदेशांतून यावें, ही गोष्ट स्वदेशीच्या काळांत मनाला लागली. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर फिरून एकेक पैसा जमविला. त्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांव येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. तेथें माल निघे तसे शिकलेले हातही निघत, आणि हीच त्याची मोठी मिळकत ठरली. १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला. त्याच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडांत महाराष्ट्राच्या एका पिढीनें अभ्यास केला. या कारखान्यांत मुरानोचे गोफ विणले गेले नाहींत. साध्या चिमण्या आणि बरण्याच झाल्या. परंतु ज्यानें दिलें तो पैसा देणारा सामान्य मनुष्य होता, आणि जें शिकविलें तें झांकून ठेवण्यासाठीं नव्हतें.

कांचेचा एक धर्म असा आहे कीं ती वस्तूला झांकीत नाहीं. आंत काय आहे तें दाखविते. तिच्या विद्येचाही धर्म अखेर तोच ठरला. बेटानें ती कोंडली तेव्हां ती पळाली. वाटेंत तिनें इंग्लंडांत शिशाचें वजन घेतलें, बोहेमियांत चाकाची धार घेतली, आणि शेवटीं मूळ घरच तिला विसरलें, तेव्हां संग्रहालयाच्या कपाटांतून तीच त्या घराला आपली ओळख देऊं लागली. बिलोरी हा शब्द जसा परक्या ओठांतून फिरून अधिक गोड होऊन आपल्या घरीं परतला, तशीच ही विद्याही परक्या हातांतून फिरून समृद्ध झाली.